वर्गात शांत, घरी चिडचिड: पहाटे चारला उठून साधना वाढवावी का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी काय समजून उत्तर देतेय ते तुम्हाला कळेल. चार वर्षं तुम्ही आठवड्यातून तीन दिवस योगवर्गाला जाता. योगसूत्रांचं मराठी विवरण वाचलंय, यम-नियम (आचरणाचे पाच यम आणि पाच नियम) तोंडपाठ आहेत. वर्गातून बाहेर पडताना मन निवलेलं असतं. पण डोंबिवलीहून लोकलचा प्रवास, दिवसभर ऑफिस, आणि संध्याकाळी मुलाचा गणिताचा अभ्यास घेताना आवाज असा चढतो की शेजारच्यांना ऐकू जातो. मग रात्री स्वतःचाच राग येतो. तुम्ही विचारलंय, ‘चाळिशीला आले तरी असं, मग हे सगळं ढोंग आहे का? पहाटे चारला उठून साधना वाढवली तर फरक पडेल का?’

ढोंग नाही. आणि कृपा करून चारला उठू नका. आता दोन्ही का, ते सांगते.

वर्गातली शांतता ही तुमची कमाई समजू नका. तिथे तासभर फोन बंद असतो. काय करायचं ते दुसरं कुणीतरी सांगत असतं, एकही निर्णय घ्यावा लागत नाही. कुणी ‘आई’ म्हणून हाक मारत नाही. अंग ताणून मोकळं होतं आणि शेवटी दहा मिनिटं शवासन. अशा तासानंतर कुणालाही बरं वाटेल, वाटायलाच हवं, तो तास त्यासाठीच आखलेला असतो. पण ती शांतता डब्यात भरून ऑफिसला नेता येत नाही. दुपारपर्यंत ती विरते आणि आपण म्हणतो, योगाचा परिणाम टिकत नाही. टिकणार कसा? ज्या व्यवस्थेमुळे ती आली होती, ती व्यवस्थाच मागे राहिली.

वर्गातून घरी न्यायची गोष्ट वेगळी आहे, आणि ती शवासनाच्या बरीच आधी हाताशी येते.

पश्चिमोत्तानासन घ्या. पाय सरळ, पुढे वाकून अंगठे धरायचे. मी माझ्या वर्गात शिकवताना फिरत असते तेव्हा बोटं कुठवर पोचली याकडे फारसं बघत नाही. बघते जबडा, कानांकडे चढलेले खांदे आणि बरगड्या. ज्यांना आज अंगठे धरायचेच आहेत त्यांच्या बरगड्या हलायच्या थांबलेल्या असतात. श्वास रोखलेला, कपाळाला आठी, गुडघे हळूच वर आलेले, आणि कमरेतून वाकायचं सोडून वरच्या पाठीचं कुबड निघालेलं. हात पोचतात, पण आसन तोवर सुटलेलं असतं. मी म्हणते, दोन बोटं मागे या, गुडघ्यांखाली चादरीची घडी घ्या, तळव्यांना पट्टा लावा. मागे येणं कुणालाच आवडत नाही. (पट्टा, विटा, खुर्ची यांचा वापर पुण्यात योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी रुजवला, तरी पट्टा घेणं म्हणजे कमीपणा असं वाटणारे लोक पुण्यातच सगळ्यात जास्त भेटतात.) मागे आल्यावर तीन-चार श्वासांत बरगड्या पुन्हा हलू लागतात, खांदे उतरतात, आणि बरेचदा शरीर आपणहून थोडं पुढे सरकतं.

पतंजलींच्या १९५ योगसूत्रांत (काही प्रतींत १९६) आसनाला जेमतेम तीन सूत्रं आली आहेत, दुसऱ्या पादातली (म्हणजे प्रकरणातली) ४६ ते ४८. पहिल्यात आसन स्थिर आणि सुखाचं असावं एवढंच सांगितलंय. दुसऱ्यात ते कशाने साधतं ते: प्रयत्नाची शिथिलता आणि अनंताच्या ठायी लागलेलं चित्त. तिसऱ्यात फळ, की मग थंडी-ऊन, सुख-दुःख अशा द्वंद्वांचा मार बसत नाही. अनंताचं राहू द्या सध्या. प्रयत्न कुठे फाजील झाला हे त्या क्षणी ओळखणं आणि तिथे जोर कमी करणं, एवढी एक गोष्ट तुम्ही चार वर्षं सतरंजीवर करताय. घरी न्यायची ती हीच.

आता तुमचं साडेसातचं टेबल बघू. कुकरची दुसरी शिट्टी झालीय. ऑफिसच्या ग्रुपवर ‘आज रात्रीच पाठवाल का?’ असा मेसेज चमकून गेलाय. मुलगा तिसऱ्यांदा आठ साते चौपन्न म्हणालाय. मी तिथे नाही, पण पैजेवर सांगते की त्या क्षणी तुमचा जबडा आवळलेला आहे, खांदे कानांकडे गेले आहेत आणि श्वास छातीत अडकलेला आहे. आज अंगठे धरायचेच, तसं आज आठचा पाढा आलाच पाहिजे. ओरडणं त्यानंतर येतं. ओरडण्याशी झगडायला गेलात तर उशीर झालेला असतो, श्वास अडकतो तिथे मात्र अजून थोडी जागा असते.

पहिल्या पादातलं ३१वं सूत्र हेच सांगतं. चित्त विखुरलं की त्याच्या सोबतीने दुःख, वैताग, अंगाची थरथर आणि बिघडलेला श्वास येतो. सूत्रकारांनी यादीत श्वास घातला हे आपल्या फार उपयोगाचं आहे, कारण वैताग आपल्याला आवरत नाही, पण श्वास आवरता येतो. पुढे ३४व्या सूत्रात उपायांपैकी एक म्हणून श्वास बाहेर सोडणं आणि थांबवणं सांगितलंय. त्यातलं थांबवणं घरच्या घरी, रागाच्या भरात करू नका, रक्तदाब असेल तर मुळीच नको. नुसतं सोडणं पुरेसं आहे. शरीरशास्त्रही याला धरूनच आहे: श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात, आणि उच्छ्वास लांबवला की शरीराला विसाव्याकडे नेणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढतो.

तर करायचं काय? तोंडातून शब्द निघायच्या आधी एक उच्छ्वास पुरता सोडायचा, पोट आत जाईपर्यंत. एकच. डोळे मिटायचे नाहीत, ‘थांब, मला शांत होऊ दे’ असं जाहीर करायचं नाही. मग बोलायचं ते बोला. ‘पाढा पाठ नाही, आज टीव्ही नाही’ हे सुद्धा बोला. योग करणाऱ्या आईने कधी रागवूच नये असं कुणी सांगितलेलं नाही. एका उच्छ्वासानंतर बोललेलं वाक्य सहसा लहान असतं आणि त्यात मागच्या परीक्षेचे मार्क येत नाहीत, एवढाच फरक. पण तो मुलाच्या कानांना कळतो.

याची तालीम मात्र वर्गातच व्हायला हवी, ऐनवेळी सुचत नाही. पुढचा महिनाभर प्रत्येक आसनात श्वास जिथे अडतो तिथून दोन बोटं मागे थांबा. शेजारची किती वाकली ते बघू नका. शिक्षकांना आधीच सांगून ठेवा की पाठीवर हात ठेवून ढकलू नका.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. त्या मला इथून दिसत नाहीत आणि कदाचित त्यांचाच वाटा सगळ्यात मोठा असेल.

झोप किती होते, हे तुम्ही लिहिलेलं नाही. डोंबिवलीहून मुंबईला रोज जाणारी बाई स्वयंपाक, डबे आवरून साडेअकराला आडवी होते आणि साडेपाचला उठते असं धरलं, तर चारला उठणं म्हणजे साडेचार तासांची झोप. त्या झोपेवर कुणीही ओरडेल. गीतेच्या सहाव्या अध्यायात स्पष्ट म्हटलंय की अति खाणाऱ्याला किंवा अजिबात न खाणाऱ्याला, अति झोपणाऱ्याला किंवा जागतच राहणाऱ्याला योग साधत नाही. त्यावर माउली लिहितात, ‘निद्रेही मानु दीजे । अवसरें एकें ॥’ झोपेला मान द्या, तिच्या वेळी. पहाटेच्या ब्राह्ममुहूर्ताबद्दल ऐकवणारे लोक ही ओवी सहसा ऐकवत नाहीत. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथातही योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टींत अति खाणं, अति श्रम, वायफळ बडबड यांच्याबरोबर नियमांचा अट्टहास मोजलाय, आणि त्या ग्रंथावरच्या ज्योत्स्ना या टीकेत ब्रह्मानंद त्याची उदाहरणं देतात: पहाटे थंड पाण्याने स्नान, फक्त रात्रीच जेवणं, फळांवर राहणं. म्हणजे आपण ज्याला कडक साधना म्हणतो तेच. ज्याची झोप दहाला लागते आणि ज्याच्यावर घर उभं नाही, त्याने खुशाल चारला उठावं. तुम्ही नका.

दुसरं, रक्त तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. म्हणजे दोघींत एकीपेक्षा जास्त. हिमोग्लोबिन कमी असेल, थायरॉइड बिघडलं असेल किंवा पाळी अनियमित व्हायला लागली असेल, तर संध्याकाळी होणारी चिडचिड ही साधनेतली त्रुटी नाही, ते लक्षण आहे. माझ्याकडे ‘मन शांत होण्यासाठी काही प्राणायाम सांगा’ म्हणून येणाऱ्या बायकांना मी आधी डॉक्टरकडे पाठवते. काहींना त्याचा राग येतो. येऊ दे.

तिसरं, घरातल्या कामाची वाटणी. संतोष या नियमाचा आपल्याकडे फार गैरवापर होतो. सगळं एकटीने ओढायचं आणि वर हसतमुख राहायचं, याला संतोष म्हणत नाहीत. घरात दुसरं मोठं माणूस असेल तर गणित आठवड्यातून निदान तीन दिवस त्याच्याकडे द्या. पाढा त्याच्याकडून चुकीचा पाठ झाला तरी चालेल. हे बोलायला कठीण जातं हे मला माहीत आहे, शीर्षासनापेक्षा कठीण जातं.

यम-नियमांबद्दल तुम्ही विचारलंय की दहाही एकदम पाळायचे कसे. पाळू नका. नव्याचे नऊ दिवस होतात आणि मग ये रे माझ्या मागल्या. एक घ्या, आणि तोही दिवसातल्या एकाच जागी. मला विचाराल तर तुमच्यासाठी सत्य घ्या, आणि जागा ऑफिसची.

आपण मोठं खोटं बोलत नाही, पण ‘आज होईल’ हे दिवसातून किती वेळा म्हणतो? साहेबांनी चार वाजता काम दिलं, ते आज होणार नाही हे आपल्याला तिथल्या तिथे दिसतंय, तरी मान डोलावतो. ते काम मग डोक्यात बसून आपल्याबरोबर लोकलने घरी येतं आणि साडेसातला कुकरशेजारी मेसेज होऊन चमकतं. म्हणजे मुलावर निघालेला राग कदाचित चार वाजता न उच्चारलेल्या ‘उद्या दुपारपर्यंत देते’ या वाक्यातून आलेला असतो. सत्याचा अभ्यास इथे करायचा. महिनाभर, फक्त कामाच्या मुदतींबद्दल, जे दिसतंय तेच बोलायचं. सौम्यपणे बोलायचं, कारण योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात सत्याला अहिंसेची मर्यादा घातलेली आहे, दुसऱ्याचा घात करणारं बोलणं तिथे सत्यात मोडत नाही. सगळी ऑफिसं सारखी नसतात हेही खरंच. काही ठिकाणी ‘उद्या’ म्हणणाऱ्याची नोकरी धोक्यात येते. तसं असेल तर सत्य घेऊ नका, अपरिग्रह, म्हणजे गरजेपेक्षा जास्त जवळ न बाळगणं, घ्या आणि घरी आल्यावर फोन तासभर दुसऱ्या खोलीत ठेवून द्या. बाकीचे नऊ आपल्या जागी राहतील, ते कुठे पळून जात नाहीत.

लोकलसाठी माझा आवडता भाग म्हणजे पहिल्या पादातलं ३३वं सूत्र. सुखी माणसाबद्दल मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं वागणाऱ्याबद्दल आनंद आणि वाईट वागणाऱ्याबद्दल उपेक्षा बाळगली की चित्त प्रसन्न राहतं, असं ते सूत्र आहे. लेडीज डब्यात हे चौघंही रोज हजर असतात. खिडकीची जागा मिळालेली सुखी. ठाण्याला चढलेली, हातात पिशव्या आणि पायाला सूज असलेली दुःखी. आधीच तिघी बसलेल्या असताना सरकून चौथीला टेकायला जागा देणारी चांगली. आणि दारात कोपर मारून आत घुसणारी. गंमत अशी की आपलं सगळं लक्ष त्या कोपर मारणारीकडे जातं. डोंबिवली सुटल्यापासून दादरपर्यंत मनातल्या मनात तिला उत्तरं देणं चालू असतं. उपेक्षा म्हणजे तिला माफ करणं नव्हे, तिला पुढचा तासभर न देणं. तेवढ्या वेळात सरकून जागा देणारीकडे एकदा बघून हसलात तर सूत्र पाळून झालं.

गाडीत उभ्याने डोळे मिटून प्राणायाम वगैरे करू नका, कपालभाती तर नकोच. गर्दीत तोल आणि पाकीट दोन्ही सांभाळायचं असतं. दोन्ही पायांवर सारखं वजन आहे का, गुडघे ताठ ताणलेले आहेत का, कडी धरलेला खांदा वर चढलाय का, एवढं अधूनमधून बघा आणि हात बदला. ताडासन ते हेच, फक्त जमीन हलती.

साधना वाढवायचीच असेल तर वर्ग नसलेल्या दिवशी पंधरा मिनिटं पुरेत, आणि पहाटे नव्हे, घरी आल्या आल्या. यासाठी घरच्यांशी एकदा बोलून घ्यावं लागेल: आई आल्यावर पंधरा मिनिटं कुणी काही विचारायचं नाही, कुकर नंतर लागेल. जमिनीवर पाठ टेकून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, पाच मिनिटं काही करू नका. मग सावकाश पवनमुक्तासन, दोन्ही बाजूंना पडल्या पडल्या पीळ, पालथं होऊन दोनदा हलकं भुजंगासन. उरलेला वेळ बसून श्वास चार आकड्यांत घ्यायचा आणि सहात सोडायचा, दम लागत असेल तर तीन आणि चार. मणक्याचं दुखणं असेल तर पीळ आणि भुजंगासन शिक्षकांना विचारूनच. पंधरा मिनिटं मिळत नसतील तर नुसतं खुर्चीवर पाय ठेवून पडा. कार्यालयातून आलेली बाई आणि पाढा विचारणारी आई यांच्यामध्ये ही फट असणं फार महत्त्वाचं आहे. तुमच्या दिवसात आत्ता ती कुठेच दिसत नाही. अभ्यास दृढ होण्यासाठी पतंजली दीर्घ काळ, सातत्य आणि आदर या तीन गोष्टी मागतात (पहिला पाद, सूत्र १४). रोज किती तास, हे त्यांनी कुठे मागितलेलं नाही.

ज्या दिवशी ओरडून झालं त्या दिवशी काय, हेही विचाराल. मुलाला ‘मी जास्त ओरडले’ एवढं सांगा आणि विषय संपवा. ‘मी योग करते तरी अशी कशी’ हे रात्रीचं चर्वितचर्वण बंद करा, त्याने त्या रात्रीची झोप तेवढी जाते. हवं तर वहीत एक ओळ लिहा: आज श्वास कुठे अडला. अभ्यासाच्या टेबलाशी, लोकलच्या दारात, सासूबाईंच्या फोनवर. कारणमीमांसा नको, नुसती जागा. पंधरा-वीस ओळी झाल्या की जागा त्याच त्याच आहेत असं दिसेल, आणि मग बरेचदा उपाय आसनात सापडत नाही, वेळापत्रकात सापडतो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वहीत सारखा सोमवार येत होता. सोमवारी तिच्याकडे पाणी उशिरा यायचं. तिने अभ्यास मंगळवारवर ढकलला.

फरक कधी दिसेल, याचं एक साधं गमक सांगून ठेवते, म्हणजे मधेच सोडून देणार नाही. सुरुवातीला ओरडून झाल्यावर लक्षात येतं की श्वास अडकला होता. काही आठवड्यांनी ओरडत असतानाच लक्षात येतं. हा टप्पा सगळ्यात वाईट वाटतो, आपण बिघडत चाललोय असं वाटतं, आणि बरेच लोक नेमके इथेच सोडतात. त्यानंतर कधीतरी ओरडण्याआधी लक्षात येतं, तेही रोज नाही. दोन-तीन महिने वही भरूनही पहिल्याच टप्प्यावर असाल, किंवा चिडचिडीबरोबर सकाळी उठावंसंच न वाटणं, जेवण तुटणं, विनाकारण रडू येणं असं काही असेल, तर वर्ग चालू ठेवा, पण मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. तिथे जायला योगाची काही हरकत नाही. आणि रक्ताचा रिपोर्ट आला की इथे लिहा, आसनं त्याप्रमाणे बदलून सांगेन.